रोल्पातल्या एका गाउँपालिकेचं अंदाजपत्रक

नेपाळमध्ये आर्थिक वर्ष श्रावणात सुरू होतं, आणि त्याआधी असार (आषाढ) महिन्याच्या दहा तारखेपर्यंत प्रत्येक गाउँपालिकेला, म्हणजे ग्रामीण भागातल्या स्थानिक सरकारला, आपलं अंदाजपत्रक गाउँसभेपुढे मांडावं लागतं. तारीख कायद्यातच लिहिलेली आहे. इंग्रजी दिनदर्शिकेत ती साधारण २४ जूनच्या आसपास येते. मी रोल्पा जिल्ह्यात पोचले तेव्हा वैशाख चालू होता, विक्रम संवत २०७५, म्हणजे २०१८ साल. त्या तारखेची घाई कार्यालयात माझ्याशिवाय कोणालाच दिसत नव्हती.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका पंचायत समितीत मी बरीच वर्षं विस्तार अधिकारी होते, पंचायत विभागात. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर काठमांडूतल्या एका संस्थेकडून विचारणा आली. त्यांना देवनागरी वाचणारं, पंचायतीचे हिशेब कळणारं आणि बंदुकांच्या सावलीतली गावं आधी पाहिलेलं माणूस हवं होतं. तिन्ही अटींत मी बसत होते. नेपाळी बोलायला वेळ लागला. वाचायला मात्र पहिल्या आठवड्यापासून येत होतं, आणि सरकारी कामात तेच जास्त उपयोगी पडतं.

नेपाळगंजहून पूर्वेला दांगमधलं घोराही, तिथून डोंगर चढत होलेरी, मग जिल्ह्याचं ठाणं लिवाङ. १३ फेब्रुवारी १९९६ च्या रात्री माओवाद्यांनी सरकारविरुद्ध युद्ध सुरू करत ज्या पहिल्या पोलीस चौक्यांवर हल्ले केले त्यांतली एक होलेरीची. आमची जीप तिथे चहाला थांबली. लोक मोबाइल रिचार्ज करत होते, भज्या तळल्या जात होत्या. त्या हल्ल्याच्या आदल्या वर्षी, १९९५ च्या नोव्हेंबरात, याच जिल्ह्यात ‘रोमियो’ नावाची पोलिसी मोहीम झाली होती. सरकार पहिल्यांदा दारात आलं ते काठी घेऊन, ही इथल्या मगर जमातीच्या वस्त्यांची आठवण आहे. स्थानिक सरकार बळकट करायला येणाऱ्या प्रत्येकानं कुठलंही प्रशिक्षण सुरू करण्याआधी ती ऐकून घ्यावी.

माझी गाउँपालिका कोणती ते लिहीत नाही. गाउँपालिकेच्या आधी इथे गाव विकास समिती होती, तिची इमारत युद्धात जाळली गेली होती. कार्यालय होतं एका घराच्या भाड्याच्या माडीवर, खाली बियाण्यांचं आणि छत्र्यांचं दुकान. त्या काळात देशभरात अशा अनेक इमारती गेल्या आणि समित्यांचे सचिव जिल्ह्याच्या ठाण्याला येऊन राहिले. गावाला दाखला हवा असला की गाव सचिवाकडे जायचं. सचिव गावाकडे जायचा नाही. (आपल्याकडे ग्रामसेवक मुख्यालयी राहत नाहीत म्हणून ओरड होते. तिथे निदान युद्धाचं कारण होतं.)

सगळ्यात मोठी पोकळी निवडणुकीची. १९९७ साली निवडून आलेल्या स्थानिक प्रतिनिधींची मुदत २००२ च्या जुलैत संपली आणि नवी निवडणूक झाली ती थेट २०१७ मध्ये. पंधरा वर्षं! २००६ च्या नोव्हेंबरात शांतता करार झाला, राजेशाही गेली, २०१५ ला संविधान आलं, तरी गावात निवडून आलेला एक माणूस नव्हता. मधल्या काळात सर्वपक्षीय समित्या कारभार पाहत होत्या. भ्रष्टाचाराच्या तक्रारींवरून २०१२ मध्ये त्या बरखास्त झाल्या. पण त्यांनी लावलेली एक सवय मागे राहिली, तिला तिथे भागबन्डा म्हणतात. प्रत्येक पक्षाला वाटा, प्रत्येक वाट्यातून प्रत्येकाच्या माणसाला थोडं थोडं. ‘नाही’ म्हणायचं कोणीच नाही.

२०१७ नंतर मात्र चित्र कागदावर तरी अचंबित करणारं होतं. सहा महानगरपालिका, ११ उपमहानगरपालिका, २७६ नगरपालिका, ४६० गाउँपालिका, अशी ७५३ स्थानिक सरकारं. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत त्यांना २२ अधिकार एकट्यानं वापरायला दिलेले, आणि त्यांत माध्यमिकपर्यंतचं शिक्षणसुद्धा. महाराष्ट्रातल्या सरपंचाला एका शिक्षकाची बदली करता येत नाही, त्यानं हे वाचावं. प्रत्येक वॉर्डात एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांतल्या दोन महिला आणि त्या दोघींत एक दलित महिला असलीच पाहिजे. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष या दोन पदांसाठी पक्षाला एक पुरुष आणि एक स्त्री द्यावी लागते. पक्षांनी काय केलं ते सांगायला नको: जवळजवळ सगळीकडे पुरुषाला अध्यक्षपद, बाईला उपाध्यक्षपद.

पण कायदा लिहिणाऱ्यानं एक गंमत करून ठेवली आहे. खर्चाची मर्यादा ठरवणारी समिती अध्यक्षाची. बाकी राजस्व परामर्श (महसुलाबद्दल सल्ला), अंदाजपत्रक आणि कार्यक्रम तर्जुमा (म्हणजे आखणी), कामांची देखरेख आणि न्यायिक समिती, या सगळ्यांच्या प्रमुखपदी उपाध्यक्ष. खुर्ची दुसरी, काम पहिल्या नंबरचं. आमच्या उपाध्यक्षज्यू (‘ज्यू’ म्हणजे आपलं ‘जी’) तिशीच्या आत होत्या, बारावी झालेल्या, आणि त्यांच्याकडे या चारही समित्यांसाठी मिळून एक कारकून होता. तोही अर्धा वेळ जन्ममृत्यूच्या नोंदींत अडकलेला.

अध्यक्ष पन्नाशीचे. युद्धकाळात माओवाद्यांचं जे समांतर ‘जनसरकार’ होतं, त्यात त्यांनी याच खोऱ्याचा कारभार पाहिला होता. लग्नं नोंदवली, कर घेतला, भांडणं तोडली, लोकांना श्रमदानाला लावून वाटा खोदल्या. ‘श्रमदान’ हा शब्द त्यांचा. सभेत मागे बसलेले काही लोक तो ऐकून एकमेकांकडे पाहायचे. मला ते पहिल्याच भेटीत म्हणाले, “म्याडम, सरकार चालवायला मी नवा नाही. कागदाला नवा आहे.”

कार्यपालिकेत नेपाळी काँग्रेसचे एक वयस्क सदस्यही होते. युद्धात त्यांच्या घरावर आणि शेतावर ताबा घेतला गेला होता, ते कुटुंबासह दांगला जाऊन राहिले आणि करारानंतर परतले. दोघं एकमेकांना ‘अध्यक्षज्यू’, ‘दाजु’ (म्हणजे थोरला भाऊ) म्हणत. चहा एकाच किटलीतला. तेवढ्यावरून समेट झाला असं मी समजले नाही, आणि तो घडवून आणणं माझं कामही नव्हतं. माझं काम अंदाजपत्रक वेळेत आणि नियमानं उभं करायला मदत करणं, एवढंच.

आता पैसा. केंद्राकडून समानीकरण अनुदान येतं, ते पालिकेला आपल्या मर्जीनं वापरता येतं. सशर्त अनुदान येतं, त्यात शिक्षकांचे पगार, आरोग्य चौक्या वगैरे. आकडा भरघोस, पण त्यावर सही करून पुढे पाठवण्यापलीकडे काही करायचं नसतं. व्हॅट आणि देशांतर्गत अबकारीतून ७० टक्के केंद्राला, १५ प्रदेशाला, १५ स्थानिक सरकारांना. स्वतःचं उत्पन्न म्हणजे दाखल्यांची फी आणि नदीतली वाळू-गिट्टी. अध्यक्षांनी एकूण आकडा पाहिला, खुश झाले. मग लेखापालानं सशर्त रक्कम वजा करून दाखवली. हे लेखापाल शेजारच्या पालिकेचंही काम बघायचे आणि आठवड्यातले काहीच दिवस आमचे असायचे. वजाबाकीनंतर खोलीतलं बोलणं थांबलं.

नियोजनाच्या सात पायऱ्या ठरलेल्या आहेत. त्यांतली सगळ्यात महत्त्वाची वस्तीपातळीवरची बैठक, टोल भेला. काठमांडूहून आलेल्या नमुना वेळापत्रकात तिला वैशाख-जेठचे दिवस दिले होते. वेळापत्रक करणाऱ्याला रोल्पा ठाऊक नसावा. जेठात इथली निम्मी वस्ती उत्तरेच्या उंच कुरणांवर यार्सागुम्बा शोधायला जाते. किड्यावर उगवणारी ही बुरशी चीनकडे सोन्याच्या भावानं विकली जाते. शाळा ओस पडतात, घरात म्हातारी माणसं आणि म्हशी. त्यानंतर लगेच भूमेचा सण, खाम मगरांचा, दिवसचे दिवस नाच. मग शेतातली लावणी. उपाध्यक्षज्यूंनी मला वेळापत्रक परत दिलं आणि सांगितलं, “वैशाख संपायच्या आत सगळे टोल. नाहीतर म्हशींशी चर्चा करावी लागेल.”

तेव्हा आम्ही वैशाखातच पायी फिरलो. पुरुष कमीच भेटले. कोण कतारला, कोण मलेशियाला, आणि बरेच ‘इंडिया’त. एका वॉर्डाचे अध्यक्ष पूर्वी मुंबईजवळच्या ठाण्यात एका सोसायटीचे वॉचमन होते, आठ-नऊ वर्षं. मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर “पाणी आलं का?” एवढं मराठी त्यांनी टाळ्या पडतील अशा आत्मविश्वासानं म्हटलं. सोसायटीत रोज सकाळी हाच प्रश्न कानावर पडायचा म्हणे. त्यांच्या वॉर्डातही तोच प्रश्न होता.

टोल भेल्यात काय मागितलं जातं? रस्ता. पुन्हा रस्ता. खरं तर रस्ता नाही, डोजर, म्हणजे बुलडोझर. डोजर आला, डोंगर उभा कापला, की विकास दिसतो. नेपाळात याला ‘डोजर विकास’ असं चेष्टेनं म्हणतात. पावसाळ्यात तीच वाट खाली घसरते आणि पुढल्या वर्षी परत डोजर. लहान कामं उपभोक्ता समितीनं करायची असतात, गावकऱ्यांची समिती, तिच्यात एकतृतीयांश महिला, आणि नियमानं जड यंत्रं वापरायची नाहीत म्हणजे मजुरी गावात राहील. प्रत्यक्षात डोजरवाला समितीतल्याच कोणाचा तरी मेहुणा असतो. यंत्रं वर्षअखेरीला येतात, असारच्या पावसात, कारण निधी संपवायचा असतो. त्यालाही नाव आहे, ‘असारे विकास’. आमच्या मार्चएंडची मला इतकी आठवण आली की हसू आवरेना.

बायका पाणी मागत होत्या. एका टोलात एक बाई शेवटपर्यंत गप्प होती. बैठक उठल्यावर तिनं वॉर्ड सचिवाला गाठलं. नवरा युद्धात बेपत्ता झालेला. कोण घेऊन गेलं हे तिला माहीत होतं, कुठे नेलं हे माहीत नव्हतं. बेपत्ता व्यक्तींचा शोध घेण्यासाठी २०१५ मध्ये आयोग बसला, तिनं अर्ज केला होता, उत्तर नव्हतं. जमीन नावावर करायची तर मृत्यूची नोंद हवी. नोंद करायची तर तो मेला असं तिनंच लिहून द्यायचं. ते ती देत नव्हती. पाच प्रकारच्या नोंदी वॉर्डात होतात, जन्म, मृत्यू, लग्न, काडीमोड आणि स्थलांतर. हिच्यासाठी त्यांत रकाना नव्हता. उपाध्यक्षज्यूंनी मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी शिफारसपत्र तयार करून दिलं. ते स्थानिक सरकारच्या हातात होतं तेवढं.

सगळ्या वॉर्डांच्या मागण्या एकत्र केल्यावर त्यांची बेरीज उपलब्ध रकमेच्या कितीतरी पट झाली. ती तशी होणारच. खरा प्रश्न त्यापुढचा. भागबन्ड्याची रीत अशी की सगळ्यांना थोडं थोडं द्यायचं. कोणाला पन्नास हजार, कोणाला लाख, ज्यात काहीच पुरं होत नाही. यांना ‘टुक्रे आयोजना’ म्हणतात. पहिल्या वर्षी तेच झालं होतं. अर्ध्या भिंती मी डोळ्यांनी पाहिल्या.

तर्जुमा समितीच्या बैठकीत उपाध्यक्षज्यूंनी एक गोष्ट सुचवली. जी कामं घेतली नाहीत त्यांचीही यादी करायची, प्रत्येकापुढे कारण लिहायचं, आणि ती यादी वॉर्ड कार्यालयाच्या भिंतीवर लावायची. हे कोणत्याही मार्गदर्शिकेत नव्हतं, माझ्याही डोक्यात नव्हतं. अध्यक्ष भडकले. “नाही म्हणून लेखी द्यायचं? पुढच्या निवडणुकीत तोच कागद माझ्या गळ्यात बांधतील.”

काँग्रेसचे सदस्य सहसा बोलत नसत. ते म्हणाले, “लिहा. आमच्या घरावर ताबा घेतला तेव्हा कोणी कारण लिहून दिलं नव्हतं.”

“दाजु, आम्ही रसीद देत होतो,” अध्यक्ष म्हणाले. खरंच, माओवादी वर्गणीच्या पावत्या द्यायचे. खोलीत हशा पिकला. दाजु हसले नाहीत. पण विषय मंजूर झाला.

मला वाटतं, त्या वर्षात मी पाहिलेलं बळकटीकरण म्हणावं असं काम हेच. प्रशिक्षणं ढिगानं झाली. लिंगभाव, सुशासन, प्रतिस्पर्धी संस्थांची तीच तीच सत्रं, हॉटेलातला डाळभात, भत्ता. वाईट नव्हती. पण युद्धाच्या दहा वर्षांत या लोकांना कोणालाच नाही म्हणता आलं नव्हतं, रात्री एक फौज जेवण मागायची, दिवसा दुसरी त्याबद्दल जाब विचारायची. युद्धातच सुरू झालेल्या पंधरा वर्षांच्या पोकळीत पक्षांनी एकमेकांना नाही म्हटलं नाही. जिथे नकार कारणासह आणि सहीसह मिळतो, आणि त्यावर आरडाओरडा करून माणूस रात्री आपल्या घरी झोपतो, ते सरकार. माझी व्याख्या एवढीच आहे, आणि ती मी गडचिरोलीतूनच घेऊन गेले होते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाच्या लोकांनी ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हटलं, ते वनखात्याशी कागदावर भांडूनच. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, स्वतःचा बांबू विकता येईपर्यंत २०११ उजाडलं. हे मी कार्यालयात सांगितलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, “आमच्याकडे ‘गाउँगाउँमा सिंहदरबार’ म्हणतात.” काठमांडूचं सचिवालय ज्या राजवाड्यात आहे तो गावागावात आणायचा, अशी ती घोषणा. “पण दरबार आला, कारकून नाही आले.”

ते खरंच होतं. कर्मचारी समायोजनाचा घोळ चालू होता, केंद्राचे कर्मचारी डोंगरात यायला तयार नव्हते. मुख्य प्रशासकीय अधिकारी केंद्राकडून नेमला जातो, निवडून आलेल्यांचं त्यावर काही चालत नाही. आमचे साहेब ऐन जेठात बदलून गेले. त्यांच्या जागी कोणी येईपर्यंत एका शिक्षण अधिकाऱ्यानं काम सांभाळलं, मनापासून, पण लेखा संहिता त्यांनी कधी उघडलेली नव्हती. शेवटचे दहा दिवस उपाध्यक्षज्यू, लेखापाल आणि मी रात्री उशिरापर्यंत त्या माडीवर बसायचो. वीज गेली की मोबाइलच्या उजेडात.

न घेतलेल्या कामांची कारणं लिहिताना खूप काही शिकायला मिळालं. ‘ही वाट खालच्या टोलाच्या पाण्याच्या उगमावरून जाते.’ ‘शाळेच्या नव्या खोलीची गरज नाही, जुन्या दोन रिकाम्या आहेत.’ ‘जमीन देणाऱ्याची संमती नाही.’ एक मागणी शहीद गेटची होती. रोल्पात अशा कमानी ठिकठिकाणी आहेत, युद्धात मेलेल्या माओवाद्यांच्या नावानं. पोलीस म्हणून मेलेल्यांच्या नावानं मी एकही पाहिली नाही. समितीनं ती नाकारली, कारण लिहिलं: ‘पाण्याच्या योजना अपुऱ्या असताना प्राधान्य नाही.’ अध्यक्षांनी मान डोलावली. अंतिम मसुदा आला तेव्हा पर्यटन पायाभूत सुविधांच्या शीर्षाखाली ‘प्रवेशद्वार’ नावाचं एक काम होतं. उपाध्यक्षज्यूंनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि पान उलटलं. तीन पाण्याच्या योजना पूर्ण रकमेसह आत होत्या. त्या बदल्यात एक कमान गिळायची हा हिशेब त्यांचा, माझा नाही. त्यांच्या जागी मीही तोच केला असता.

न्यायिक समितीबद्दल वेगळं लिहावं लागेल, इथे थोडक्यात. स्थानिक सरकार संचालन कायद्याच्या ४७ व्या कलमात १३ प्रकारच्या वादांत तिला निकाल देता येतो. बांध, पाट, पिकात घुसलेली गुरं, थकलेली मजुरी, आईबापांना न सांभाळणं. नवरा-बायकोच्या काडीमोडासारख्या ११ प्रकारांत फक्त मेळ घालता येतो. निकाल पटला नाही तर ३५ दिवसांत जिल्हा न्यायालय. युद्धात इथे ‘जनअदालत’ होती. एक आजोबा त्या दिवसांबद्दल कौतुकानं म्हणाले, “तेव्हा निकाल एका रात्रीत लागायचा.” बाजूला बसलेली त्यांची सून म्हणाली, “आणि शिक्षा त्याच रात्री.” उपाध्यक्षज्यूंपुढचं पहिलं प्रकरण पाटाच्या पाण्याचं होतं. त्यांनी दोन्ही बाजूंना शेतावर बोलावलं, पाळी ठरवली, लिहून घेतली. एकजण अपिलात गेला. त्या नाराज झाल्या. मी म्हटलं, उपाध्यक्षज्यू, तो लिवाङच्या न्यायालयात गेला, जंगलात नाही गेला.

असारच्या नवव्या दिवशी धो धो पाऊस. वरच्या वॉर्डातले सदस्य आदल्या रात्रीच येऊन दुकानाच्या ओसरीत झोपले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभागृहात गाउँसभा भरली, प्लास्टिकच्या खुर्च्या, मखमली फुलांच्या माळा. भाषणं लांबली, ती मी सोडून देते. अंदाजपत्रक उपाध्यक्षज्यूंनी वाचलं, आकड्यांवर न अडखळता. नंतरच्या चर्चेच्या दिवसांत एक दलित महिला सदस्य उठली. तोवर सभांमध्ये ती सही करण्यापुरतीच बोलायची. तिनं न घेतलेल्या कामांची यादी वर धरली आणि विचारलं, आमच्या टोलाच्या नळाला ‘उगम अपुरा’ हे कारण लिहिलंय, तर उगम मोजायला कोण आलं होतं, कोणत्या महिन्यात? कोणीच आलं नव्हतं. अभियंत्यानं नकाशावरून लिहिलं होतं. अध्यक्षांनी सांगायचा प्रयत्न केला की यादी मंजूर आहे. दाजु म्हणाले, कारण खोटं असेल तर मंजुरी कसली. मोजणीनंतर निधी देऊ अशी दुरुस्ती होऊनच अंदाजपत्रक मंजूर झालं.

मोजणी फाल्गुन-चैतात करायची ठरली, कारण उगम आटतो तो तेव्हा. ती झाली तेव्हा मी तिथेच होते. पाणी पुरेसं निघालं.

२०२२ च्या मे महिन्यात दुसरी निवडणूक झाली, वेळेवर. या वेळी पक्षांनी आघाड्या केल्या. आघाडीत एका पक्षाला एकच पद आलं की स्त्री-पुरुष जोडीचा नियम लागू होत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी दोन्ही पदांवर पुरुष उभे राहिले. उपप्रमुखपदांवरच्या बायका २०१७ पेक्षा कमी झाल्या. आमच्या उपाध्यक्षज्यूंना तिकीट मिळालं नाही. अध्यक्षपदासाठी त्यांनी अर्ज केला होता, पक्षानं त्याचं उत्तरसुद्धा दिलं नाही. लेखी तर नाहीच.

मध्यंतरी त्यांचा व्हॉट्सॅपवर फोन आला. त्यांच्या काळातल्या एका खर्चावर लेखापरीक्षणात आक्षेप निघाला होता, ‘प्रवेशद्वार’ या कामावर. कमान बांधून झाली होती, पर्यटक काही आले नव्हते. खुलासा कसा लिहायचा ते विचारत होत्या. मी म्हटलं, आधी बैठकीचा निर्णय क्रमांक शोधा, कोणी सुचवलं आणि कोणी सही केली ते बघा, मग लिहू. त्यांनी तो क्रमांक तोंडपाठ सांगितला.